चार अक्षता तिकडं

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळावरून निघाला, असं ओवैसनं फोनवर सांगितलं. त्याच्या बोलण्यामागं डीजेचा दणका ऐकू आला.

मी शेंद्र्याजवळच्या मंगल कार्यालयात, स्टेजच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीआड टेबल मांडून बसले होते. समोर लॅपटॉप, शेजारी आवाजाचं मिक्सर, पायाशी केबलींचा गुंता. लग्नाचं शूटिंग करायचं नि ते लग्न नेटवर लाइव्ह दाखवायचं, हा माझा आणि ओवैसचा धंदा. तो खुलताबादचा, कॅमेरा त्याच्याकडं. मी बजाजनगरची, लॅपटॉप माझ्याकडं. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. बघत गेले, चुकत गेले, जमत गेलं. आज मात्र चुकायची सोय नव्हती.

नवरीचा बाप दवाखान्यात होता. कारभारीदादांचे डोळे साखरेनं आधीच गेलेले. आता पायाचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलं. लग्न पुढं ढकला, असं सगळे म्हणाले. तेच ऐकेनात. ‘मी काय मुहूर्त बघून आजारी पडलो का? माझ्या पायापायी पोरीला बसवू नका.’

मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले तेव्हा उशाशी फोन कसा उभा करायचा, चित्र मोठं कसं दिसेल, असलं काहीबाही ताहेरा सिस्टरला सांगत बसले. दादा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “ताई, चित्राचं काय घेऊन बसली? मला दिसतंय का काही? मला आवाज दे. मंगलाष्टकं नीट ऐकू आली पायजेत. शेवटचं कडवं माझं हाय.”

आमच्याकडं नवरीच्या नावाचं एखादं कडवं घरच्यांपैकी कुणीतरी जुळवतं आणि शेवटी ते म्हटलं जातं. बहुतेक ठिकाणी ते एखाद्या मास्तर काकानं जुळवलेलं असतं आणि लोक त्या वेळी चपला कुठं काढल्या ते आठवत असतात. दादांचं कडवं दोनच ओळींचं होतं. मेंढरं हाकताना माळावर लांब आवाज सोडतात तशा चालीत त्यांनी ते म्हणून दाखवलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर म्हटला.

“बाबांनी सगळ्या वॉर्डाकडून पाठ करून घेतलंय,” ताहेरा म्हणाली. “डॉक्टर राउंडला आले तरी सोडत नाहीत.”

साधा फोन लावून ऐकवावं, हा विचार आधी झाला होता. हळदीला तसं करून पाहिलं. फोनला वाटतं, माणूस बोलतोय तेवढंच खरं, बाकी सगळा गोंगाट. त्यानं गाणी गिळली आणि दादांना नुसता खरखराट पोहोचला. त्यांनी मनाला लावून घेतलं. म्हणाले, “हळद लागली का पापड तळले?” म्हणून मिक्सरमधून थेट लाइव्ह, हाच एक रस्ता राहिला होता.

आणि त्या रस्त्यात धोंडा पडलेला होता. मागच्या महिन्यात एका लग्नात गायक आलाच नाही, म्हणून कुणीतरी पेन ड्राइव्हवरची मंगलाष्टकं लावली. ती लाइव्हमध्ये गेली. मग साइटकडून निरोप आला: अमुक कंपनीच्या मालकीचं संगीत तुम्ही विनापरवाना वाजवलं, तुमच्या चॅनलवर स्ट्राइक. पुन्हा तसं झालं तर लाइव्ह जागच्या जागी बंद. नवीन चॅनल काढलं, पण त्याला लाइव्हची मुभा अजून मिळालेली नव्हती. म्हणजे आज हेच एक चॅनल, हीच एक वेळ.

डीजे फाटकाजवळ आला तसं मी मिक्सरचं बटण खाली ओढलं. लाइव्ह चालू, आवाज बंद. फिल्मी गाणं साइटच्या मशीननं एका दमात पकडलं असतं.

लगेच ताहेराचा मेसेज. ‘ताई, आवाज गेला. बाबा विचारतात लग्न मोडलं का?’

मी टेबलावरचा माइक उचलला. “कारभारीदादा, मी सुलेखा बोलतेय. लग्न मोडलेलं नाही. बाहेर डीजे लागलाय, तो पुढं पाठवता येत नाही म्हणून आवाज बंद केला. नवरदेव घोड्यावर आहे. घोडं पांढरं आहे, तुमच्या बिभीषणाला चावायला बघतंय.”

थोड्या वेळानं उत्तर आलं. ‘बाबा विचारतात डीजे कुणी लावला? त्यांनी बँजो सांगितला होता.’

बिभीषण म्हणजे नवरीचा थोरला भाऊ. डीजे त्यानंच लावला होता, पण हे मी कळवलं नाही. आजारी माणसाला किती सांगायचं, याचंही एक बटण असतं.

डीजे काही थांबेना. पोरं नाचत होती, घोडं पुढं सरकत नव्हतं, आणि दर दोन मिनिटांनी मी माइकवर दादांना काहीतरी सांगत होते. सांगण्यासारखं संपलं तेव्हा छताच्या पंख्यांचं वर्णन केलं. शेवटी बानाबाई उठल्या. नवरीची आई, नवी कोरी पैठणी नेसलेली, कपाळावर भंडारा. त्या सरळ फाटकात गेल्या आणि डीजेच्या गाडीपुढं उभ्या राहिल्या.

“बंद कर बाबा ते. माझ्या मालकाला ऐकू येईना.”

नवरदेवाचे चुलते पुढं आले. “अहो विहीणबाई, लग्न हाय का मयत? पोरांना नाचू द्या की.”

“नाचा की. तोंडानं म्हणा आन् नाचा. ते मशीन बंद करा.”

डीजेवाल्यानं चुलत्यांकडं पाहिलं, मग बानाबाईंकडं पाहिलं आणि बंद केलं. मी बटण वर ओढलं. घोड्याच्या टापा, पोरांचा हिरमुसला आरडाओरडा, पार माणसांचं खोकणंसुद्धा दवाखान्यात पोहोचलं. ताहेरानं अंगठा पाठवला. मला वाटलं, सुटले.

बद्रीनाथबुवा तेवढ्यात आले. पंचक्रोशीत मंगलाष्टकं म्हणणारा एवढा गोड गळा दुसरा नाही. ते स्वतः गाणार म्हणून आज पेन ड्राइव्हची भानगड नाही, असं मी धरून चालले होते. बुवांनी खिशातून पेन ड्राइव्हच काढला.

“ताई, हा माझा ट्रॅक. पेटी, सनई, तबला सगळं यात हाय. मी वरून गातो. हल्ली वाजवणारी माणसं कुठं मिळतात?”

त्यांनी आवाज तपासायला एक ओळ म्हटली. पेटी वाजली, सनई उठली, बुवांचा आवाज तिच्यावर अलगद बसला आणि माझ्या लॅपटॉपवर पिवळी पट्टी आली. ‘तुमच्या प्रसारणात इतरांच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. ते थांबवा, अन्यथा प्रसारण बंद होईल.’

मी बटण इतक्या जोरात खाली ओढलं की नख दुखलं.

“काय झालं?” बुवा म्हणाले.

“तुमचं गाणं पकडलं.”

“कुणी?”

“मशीननं. दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणतंय.”

“दुसऱ्याच्या?” बुवा हसले. “अहो, आवाज माझा. चाल मी बांधलेली. पेटीवर माझा मेहुणा.”

ओवैस कॅमेरा खांद्यावर घेऊन आत आला होता. त्यानं पट्टी वाचली, मग पट्टीतलं कंपनीचं नाव बुवांना वाचून दाखवलं. बुवांचं हसू तिथंच थांबलं.

“ह्यांनाच दिलं होतं मी ते,” ते म्हणाले. “सगळे हक्क, कायमचे. तेव्हा कॅसेटवर फोटो येणार एवढंच डोक्यात होतं.”

“म्हणजे बुवा, घर तुमचं आन् कुलूप उनका,” ओवैस म्हणाला.

बुवा खुर्चीवर बसले. फेटा नीट केला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, “मागच्या महिन्यात चिकलठाण्याला लग्न झालं, पेन ड्राइव्हवर माझी अष्टकं लावलेली. ते तुमचं चॅनल होतं का, ताई?”

“होतं. त्याचाच स्ट्राइक बसलाय मला.”

“त्याची लिंक कंपनीला मीच पाठवली होती.”

बाहेर नवरदेव घोड्यावरून उतरत होता. मुहूर्त तोंडावर आला होता आणि ज्या माणसानं माझ्या चॅनलचा गळा धरला, त्याच्याच गळ्यावर आज सगळं टांगलेलं होतं.

“कायकू बुवा?” ओवैसनं विचारलं. “तुम्हाला काय मिळालं?”

“एक मेल आला. आभारी आहोत म्हणून.” बुवा माझ्याकडं वळले. “तुम्हाला राग आला असंल, ताई. पण मी घरी बसलेलो असतो आणि माझा आवाज गावोगाव लग्नं लावत फिरतो. माझ्या शेजारच्या घरात लग्न झालं, भिंतीपलीकडून माझाच आवाज मला ऐकू आला. मला जेवायलासुद्धा बोलावलं नव्हतं. मग वाटलं, कायदा हाय ना, तर लागू दे.”

माझ्या ओठांवर चांगलं खरमरीत आलं होतं. पण मागच्या वर्षी माझं ड्रोनचं शूटिंग एकानं स्वतःचं नाव चिकटवून लावलं, तेव्हा मी त्याला फोनवर जे काही बोलले, ते ओवैस अजून मित्रांना ऐकवतो. तेव्हा मला कायदा फार आवडला होता.

“कायदा लागला, बुवा,” मी म्हणाले. “पण तो कंपनीच्या बाजूनं लागला. तुमच्या नाही आणि माझ्याही नाही. आता दादांचं काय करायचं ते बोला.”

ताहेराचा मेसेज आला होता. ‘बाबा उठून बसलेत. झोपा म्हटलं तर म्हणतात लग्नात कुणी झोपतं का?’

“ट्रॅक नको. नुसतं गा,” मी म्हणाले आणि बटण वर ओढलं.

बुवांनी डोळे मिटले आणि बिनट्रॅकचं गायले. अगदी तेच. तीच चाल, तिथंच घेतलेला श्वास, तीच हरकत. इतकी वर्षं त्या ट्रॅकबरोबर गाऊन त्यांचा गळाच ट्रॅक झाला होता. मशीननं दुसऱ्याच ओळीला ओळखलं. या वेळी पट्टी लाल होती. ‘शेवटची सूचना.’ मी बटण पुन्हा खाली ओढलं.

आता तपासून बघायलाही जागा उरली नाही. पुढचं जे होईल ते खरंच होईल.

“बुवा,” मी हात जोडले, “वेगळं गा.”

“वेगळं म्हणजे कसं?”

“म्हणजे जरा... सूर सोडून.”

बुवा माझ्याकडं बघत राहिले. “बेसूर?”

“थोडं.”

“लहानपणी बेसूर गायलो म्हणून गुरुजींनी छडी मोडली माझ्या पायावर,” बुवा म्हणाले. “आणि आज भरल्या मांडवात...”

“गुरुजी नाहीत इथं,” ओवैस म्हणाला. “दादा हैं. वो राह देख रहे.”

बुवा उठून स्टेजवर गेले. मी बटण वर ओढलं. नवरी रत्ना आली, मामांनी तिला धरून उभं केलं, अंतरपाट धरला गेला. रत्नाची मान खाली होती. बायका मुठीमुठीनं अक्षता वाटत फिरत होत्या. ज्वारीच्याच, पिवळ्या रंगवलेल्या, दादांनी तसंच सांगितलं होतं.

तेवढ्यात बानाबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि खुर्च्यांच्या थप्पीमागं खाली बसल्या.

“वहिनी, इथं काय करताय?”

“आमच्यात लग्न लागताना आईनं बघायचं नसतं. जाऊबाई म्हणल्या, आत खोलीत बस. तिथं ऐकू येत नाय.” त्यांनी माझ्या मिक्सरवरचे चढउतरणारे हिरवे दिवे पाहिले. “हे काय?”

“हा आवाज. दादांकडं चाललाय तो.”

त्यांनी पदर सावरला आणि त्या दिव्यांकडं बघत बसल्या. एकाला दिसत नाही, दुसरीनं बघायचं नाही. दोघंही आता कानावरच होती, आणि त्या कानांची सगळी जबाबदारी माझ्या एका बोटाखाली.

बुवांनी सुरुवात केली. आवाज जड, चाल मोडलेली, ओळ जिथं वर चढायची तिथं ती खाली घसरली. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, “बुवांचा घसा बसला वाटतं.” कुणीतरी हसलं. बुवांचे कान लाल झाले होते, पण ते गात राहिले. माझी नजर लॅपटॉपवर. पट्टी नाही. दुसरं अष्टक झालं. पट्टी नाही. लोकांनी अक्षता टाकल्या, तिसरं झालं.

माणूस किती वेळ वाकडं चालणार? चौथ्या अष्टकाला रत्नानं डोळे पुसले. बुवांनी ते पाहिलं, त्यांचा ऊर भरून आला आणि गळा आपसूक आपल्या वाटेनं निघाला. तीच चाल. तोच गोडवा. सगळा मांडव एकदम शांत झाला, कारण ते खरोखर सुंदर होतं, आणि मी थप्पीआडून उठून दोन्ही हात हलवायला लागले.

बुवांनी मला पाहिलं. ओळ अर्धवट सोडली. तोंड उघडंच, आवाज नाही. त्यांना आता वाकडंही सापडेना आणि सरळही चालेना.

मांडवात कुजबुज सुरू झाली. अंतरपाट धरणारा माणूस हात बदलायला लागला. चुलते म्हणाले, “काय झालं आता?” ताहेराचा मेसेज आला. नुसतं ‘ताई?’

मिक्सरचे दिवे खाली खाली गेले आणि विझले.

बानाबाईंनी विझलेले दिवे पाहिले. “बंद पडलं का?”

“नाही वहिनी. कुणी काही म्हणतच नाही, म्हणून.”

“मग त्यांना वाटंल, काहीतरी झालं.”

“हो.”

त्यांनी टेबलावरचा माइक खाली ओढून घेतला. माझा हात बटणावर होता. अडवावं का सोडावं, ते कळायच्या आत त्यांनी आवाज सोडला. मंगल कार्यालयात बसून कुणी असा आवाज लावत नाही. तो माळावरचा होता, एका टेकडीवरून दुसरीवर मेंढरांपर्यंत जाणारा.

*मेंढरांमागं वाढली, रत्ना निघाली पुढं,*
*बाप निजलाय लांब, चार अक्षता तिकडं.*

लाल पट्टी आली नाही. मशीनला ही चाल माहीत नव्हती. कुणी ती कुठल्या कंपनीला विकलेलीच नव्हती.

बानाबाईंनी पुन्हा तेच म्हटलं आणि या वेळी स्टेजवरून बुवांनी त्यांना साथ धरली. त्यांना ती चाल येत नव्हती. ते बानाबाईंच्या मागं मागं, अर्धा शब्द उशिरा येत होते, पण त्यांचा गळा मोकळा होता. रत्नानं आईचा आवाज कुठून येतोय ते शोधत मान वळवली. तिच्याबरोबर सगळा मांडव आमच्या थप्पीकडं वळला. ‘तिकडं’ म्हणजे नक्की कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आवाज जिथून येतोय तिथं, असं लोकांनी ठरवून टाकलं असावं.

पहिली मूठ बिभीषणानं टाकली. मग सगळ्यांनी. ज्वारी खुर्च्यांवरून उसळून टेबलावर आली, लॅपटॉपच्या बटणांमध्ये शिरली, बानाबाईंच्या हातातल्या माइकच्या जाळीवर ताडताड वाजली. माझ्या केसांत, ओवैसच्या लेन्सवर, चहाच्या कपात. मिक्सरचे हिरवे दिवे वरपर्यंत चढून तिथंच थरथरत राहिले. बाकी मला काही दिसलं नाही. अंतरपाट कधी खाली गेला, हार कधी पडले, ते मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं.

लाइव्ह शेवटपर्यंत चालू होतं.

ताहेराचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा पंगत बसली होती. मी, बानाबाईंनी आणि बुवांनी टेबलाभोवती बसून तो ऐकला. आधी वॉर्डातला गलका, मग दादांचा आवाज, नाक ओढत.

“ज्वारीच व्हती ना ती? तांदूळ असा वाजत नाय.”

बानाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“आन् बुवांना सांगा, घसा बसला व्हता तर कशाला आले, घरी पडून राहायचं. पण आमच्या हिनं बरं म्हणलं. जरा वरून धरलं तिनं. एवढं वरून नाय धरायचं.”

“मेल्याला तिथं पडूनबी खोट काढायचीय,” बानाबाई म्हणाल्या आणि माइकवरची ज्वारी वेचून पदरात बांधायला लागल्या.

बुवा जेवत नव्हते. ताटातलं बोट ताटातच. मग मला म्हणाले, “ताई, एक विचारता त्यांना? ते कडवं मला पुढच्या लग्नात म्हणता येईल का? नाव बदलून, जिचं लग्न तिचं घालून. त्यांची परवानगी असंल तर.”

मी फोन लावला. बुवांनी स्वतःच विचारलं, फेटा काढून हातात धरून, जणू समोर कुणी बसलंय.

“म्हणा की,” दादा पलीकडून म्हणाले. “त्यात काय एवढं? पण एक हाय, बुवा. बाप मांडवात उभा असंल, तिथं म्हणायचं नाय.”

बुवांनी मान हलवली. मग ते दिसणार नाही, हे लक्षात आलं तेव्हा म्हणाले, “नाही म्हणणार.”